करमाडच्या कादंबरीवरील स्वारीची हकीकत

समस्त शहाणे, दीडशहाणे आणि नुसताच चष्मा लावणारे, ऐशा सर्व वाचकांचे खिदमतीस अर्ज ऐसा की, शहर छत्रपती संभाजीनगर, ज्यास जुने लोक सवयीने अद्याप औरंगाबाद म्हणतात, तेथील राहणार काकासाहेब औताडे, निवृत्त सरकारी अंमलदार, यांणी एका कादंबरीसाठी करमाड गावावर स्वारी केली. तिची हकीकत लिहून काढावी आणि ती प्रदर्शनाचे दारी मोठ्या अक्षरांत लावावी, ऐसा हुकूम खुद्द काकासाहेबांनी निघण्यापूर्वीच आम्हांस फर्माविला. पूर्वी बखर लिहिणारास गाव इनाम मिळे, पालखी मिळे, अगदीच काही नाही तर पागोटे मिळे. आम्हांस एक कप चहा मिळाला, तोही बिनसाखरेचा, कारण खाशांस, म्हणजे काकासाहेबांस, मधुमेह. ज्याचे मीठ खाल्ले त्याची तारीफ लिहावी हा दस्तूर आम्हांस ठाऊक आहे. परंतु येथे साखरदेखील पोटात गेली नाही, सबब जे घडले ते घडले तैसे लिहितो. कोणास राग आला तर तो त्याने आपले घरी करावा.

पूर्वपीठिका ऐसी की, पोलिस कारवाई होऊन निजामाचा अंमल उठला, आणि मुलखात जागोजाग मराठी शाळा निघाल्या, आणि मुली शाळेत जाऊन अक्षरे ओळखू लागल्या, आणि अक्षरे ओळखू लागताच पुण्यामुंबईहून एस.टी.च्या टपावर बसोन आलेल्या प्रेमाच्या कादंबऱ्यांनी त्यांस गाठिले. या कादंबऱ्यांचे मुखपृष्ठावर एक नायिका असे, तिचा अंबाडा देवळाचे कळसासारखा उंच. एक नायक असे, त्याचे कल्ले निम्म्या गालापर्यंत उतरलेले. आणि दोघांचे मागे समुद्र आणि समुद्रावर चंद्र. या मुलखात समुद्र शोधू गेले तर घाट उतरोन जावे लागते, परंतु समुद्रावाचून प्रेम होत नाही ऐसा चित्रे काढणारांचा पक्का समज दिसतो. बायका ही पुस्तके पिठाचे डब्याआड, गोधडीचे घडीत, आणि चुलीशी बसोन वाचीत. पुरुष लोक ती थिल्लर म्हणत, आणि म्हणण्याइतके ज्ञान मिळावे म्हणोन मुखपृष्ठ मात्र डोळे भरून पाहात.

त्याच सुमारास काकासाहेबांचे लग्न पैठणकडील लक्ष्मीबाई यांजशी जाहले. बाईसाहेबांनी माहेराहून ट्रंकेत लुगडी आणिली आणि लुगड्यांचे तळाशी एक कादंबरी आणिली, तिचे नाव 'माळला नाही मोगरा'. कथा ऐसी की, मालती नामे खेड्यातली मास्तरीण, तिजवर शहरातल्या डॉक्टर शेखर यांची मर्जी बसली, आणि बहुत पत्रे जाऊन येऊन, बहुत आसवे गळोन, शेवटी मालती हातात पिशवी घेऊन शेखर यांचे बंगल्याचे फाटकाशी येऊन उभी राहिली. आत गेली तर लग्न, बंगला आणि शेखर यांचे मातोश्रींचा अंमल. माघारी फिरली तर गावची शाळा आणि लोकांची तोंडे. लक्ष्मीबाई येथवर वाचीत आल्या, तोच काकासाहेबांस स्नानास पाणी पाहिजे होते आणि बंब थंड होता. काकासाहेब नव्या दमाचे नवरे. त्यांणी पुस्तक हातातून घेतले, चित्र पाहिले, असली घाण घरात नको ऐसे फर्मान सोडिले, आणि कादंबरी उभी फाडून बंबात घातली. त्या पाण्याने खाशांनी स्नान केले आणि पाणी चांगले कढत निघाले म्हणोन समाधान व्यक्त केले.

लक्ष्मीबाईंनी तक्रार केली नाही, कारण तक्रार ऐकणारा न्हाणीघरात होता. मग मुले झाली, बदल्या झाल्या, सासू गेली, सुना आल्या, परंतु मालती फाटकाशी उभी ती उभीच राहिली. भाकरी थापताना, दवाखान्याचे बाकावर नंबर येण्याची वाट पाहाताना, बाईसाहेबांचे मनात येई की ती आत गेली असेल काय, आणि त्यांस जिवापासून हळहळ वाटे. ते पुस्तक पुन्हा त्यांचे दृष्टीस पडले नाही. या सर्व बखरीत खरी आस म्हणावी ती एवढीच आहे, बाकी जे पुढे लिहिले तो खाशांचा पोरखेळ.

मग काकासाहेब निवृत्त जाहले. हुकूम ऐकणारे कोणी उरले नाही आणि हुकूम सोडण्याची सवय सुटेना, ऐशा अवस्थेत माणसे बाग करितात नाहीतर सोसायटीचे अध्यक्ष होतात. काकासाहेबांस अध्यक्षपद मिळाले नाही. तेव्हा त्यांणी मोबाईलवर पाहिले की मोठ्या शहरांतून जुन्या कादंबऱ्यांची मुखपृष्ठे चौकटीत घालोन लाविली जातात, आणि लोक वाइनचा पेला हाती धरून त्यांसमोर मान तिरकी करून उभे राहतात. ज्यास तारुण्यात घाण म्हटले त्यास आता दुर्मीळ म्हणतात, हे ध्यानी येताच खाशांचे ठायी कलेचा उदय जाहला. सिडकोतल्या घरी एक खोली रिकामी करून तीस दालन ऐसे नाव दिले, लोखंडी कपाटे आणिली, आणि रद्दीचे बाजार धुंडोन कादंबऱ्यांचा बंदोबस्त चालविला. एकेक कादंबरी प्लास्टिकचे पिशवीत घालावी, चिकटपट्टीने तोंड बंद करावे, आणि पुन्हा उघडू नये, कारण उघडली असता पुस्तकाचा कणा मोडतो. त्यांपैकी एकही काकासाहेबांनी वाचली नाही, आणि वाचली नाही हे ते पाहुण्यांस अभिमानाने सांगत. लक्ष्मीबाईंस दालनात प्रवेश होता, पण फडक्यासहित. धूळ पुसावी आणि बाहेर यावे. त्या पुसता पुसता प्लास्टिकचे आतून नावे वाचीत, आणि जे नाव पाहिजे ते तेथे नसे.

आता शत्रूचे वर्तमान. पडेगावी नानासाहेब म्हणोन एक निवृत्त प्राचार्य, दौलताबादचे रस्त्याला बंगला, दारात कुंड्या, तेही याच व्यसनात बुडाले होते. बन्सी ऐशी सही करणारा एक चित्रकार पूर्वी होऊन गेला. त्याचे नायिकांचे डोळे मोठे आणि चंद्र हिरवट, आणि या हिरवट चंद्रावर दोघेही म्हातारे लुब्ध जाहले होते. बन्सीची सगळी मुखपृष्ठे दोहोंकडे होती, फक्त एक कोणाकडेच नव्हते, ते 'माळला नाही मोगरा' याचे. जो ते मिळवील त्याचे प्रदर्शन भरावे आणि दुसऱ्याने त्याचे फितीस कात्री लावावी, ऐसा तह दोघांत जाहला. मोबाईलवरल्या मंडळींनी दोहों बाजूंस अंगठे दाखविले. आपण बंबात घातली ती हीच कादंबरी, हे काकासाहेब केव्हाच विसरले होते. लक्ष्मीबाईंनी स्मरण दिले नाही, कारण त्यांस कोणी विचारले नाही.

ऐशात गुलमंडीचे मागल्या बोळातून खबर आली. बद्रीनाथ रद्दीवाला, उभय पक्षांचा हेर आणि उभय पक्षांकडून चहा पिणारा, त्याणे कळविले की करमाडहून रद्दी आली, आणणारा म्हणत होता की, "आमची आई बाकीचं समदं दिती, पण एक पुस्तक खणात शिवून ठिवलंय, त्याला हात लावू देत नाय." नाव विचारता मोगऱ्याचे नाव निघाले. खणाची खोळ घालोन शिवलेले पुस्तक, म्हणजे आतले मुखपृष्ठ छापखान्यातून निघाले तैसे कोरे करकरीत असणार, हा विचार मनात येताच काकासाहेबांचे हातातली बशी हालली आणि चहा धोतरावर सांडला. बद्रीनाथाने तीच खबर पडेगावी दिली, आणि तेथेही काही सांडले असावे.

नानासाहेबांनी त्वरा केली. पांढरी मोटार, पेढ्यांचा पुडा, अंगात जाकीट, ऐसा सरंजाम करून ते जालना रस्त्याने करमाडास दाखल जाहले. ज्यांचे घरी पुस्तक होते त्या मनकर्णाबाई औताडे, वयाने वृद्ध, आवाजाने तरुण, ओसरीवर तूर निवडीत बसल्या होत्या. नानासाहेबांनी कलेचे महत्त्व या विषयावर जे भाषण ते शाळेत वर्षानुवर्षे करीत आले तेच केले. मनकर्णाबाईंनी ते पुरते ऐकून घेतले आणि विचारिले, "ताक घेता का?" मग ताक दिले आणि सांगितले की ती पोथी आहे, परक्या बाप्याच्या हाती पोथी देत नसतात. पडेगावची फौज ताक पिऊन माघारी फिरली, आणि पेढ्यांचा पुडा सोबत परत नेला, ही गोष्ट गावात अद्याप बोलिली जाते.

हे वर्तमान ऐकोन काकासाहेबांनी घरातच मसलत केली. मनकर्णाबाई त्यांची चुलत भावजय, सबब आपण परके नव्हेत. परंतु जमिनीचे वाटणीपासून काकासाहेबांनी त्या ओसरीवर पाऊल ठेविले नव्हते, आणि आता एकदम पोथी मागावयास जाणे म्हणजे तोंड कोणते न्यावे ऐसा पेच. तेव्हा लक्ष्मीबाईंस वकील म्हणोन पुढे करावे, ऐसे ठरले. काकासाहेबांनी बाईसाहेबांस मोहिमेचे कारण सांगितले आणि कादंबरीचे नाव उच्चारिले. लक्ष्मीबाईंचे हातात कोथिंबीर होती ती तैसीच राहिली. मग म्हणाल्या, "येते मी. पण पुस्तक आधी माझ्या हाती." काकासाहेबांनी मान हालविली, जैसी नळ दुरुस्त करणारास हालवितात.

मग सुमुहूर्त पाहून कूच जाहले. सिडकोचे चौकात सिग्नलाने वाट अडविली. ती फोडून चिकलठाण्यास आले तो पुढे ट्रकांची रांग. एका ट्रकाचे पाठीवर हॉर्न वाजवावा ऐसा विनंतीअर्ज लिहिला होता, त्यास मान देऊन काकासाहेबांनी शेंद्र्यापर्यंत हॉर्न वाजविला. कारखान्याचे फाटकाशी उसाचा रस प्यावा ऐसा विचार मनात आला, परंतु मधुमेहाने मज्जाव केला. या सर्व वाटेत खाशांनी बाईसाहेबांस मनकर्णाबाईंशी कैसे बोलावे, केव्हा हसावे, वाटणीचा विषय कैसा टाळावा याचे धडे दिले. बाईसाहेब खिडकीतून कापसाची शेते पाहात होत्या आणि त्यांचे लक्ष त्यात एका अक्षराचेही नव्हते.

करमाडास डेरेदाखल होताच लक्ष्मीबाई ओसरीवर चढल्या, वाकून नमस्कार केला, आणि शिकविलेले सर्व टाकून एकच बोलल्या, "आक्का, मोगऱ्याची पोथी तुमच्याकडं हाय म्हणं. मला तिचा शेवट ऐकायचाय." मनकर्णाबाईंनी त्यांचे तोंडाकडे पाहिले आणि तुरीचे सूप बाजूस सारिले. आतून पाट आणिला, पाटावर पुस्तक आणिले. त्याचे पुठ्ठ्यांस हिरव्या खणाची खोळ अंगाशी बेतून शिवलेली, पाने तेवढी मोकळी, टाके बारीक, वर गाठ. काकासाहेब अंगणातून टाचा उंचावून पाहात होते, आणि टाके उसविण्यास त्यांची बोटे वळवळत होती.

तेव्हा मनकर्णाबाईंनी तहाची कलमे सांगितली. पोथी या घरातून जाणार असेल तर पारायण होऊनच जाईल, हा घरचा रिवाज. खोळ समाप्तीनंतरच उसवावी, आधी टाक्यास हात लावू नये. आणि वाचावी कोणी, तर जो नेणार त्याणेच. काकासाहेबांनी विनंती केली की वाचन लक्ष्मीबाई करतील, आपण बाहेर मोटारीत बसू. "लक्ष्मीनं ऐकायचंय," ऐसे उत्तर आले, "आन् चित्र तुम्हाला पायजे ना भाऊजी? मग बसा मांडी घालून." मांडी घालणे हे खाशांचे गुडघ्यांस नामंजूर होते. परंतु पडेगावचे संकट डोळ्यांपुढे उभे राहिले, आणि मांडी घालावी लागली.

दुसरे दिवशी जेवणे आटोपल्यावर गावातल्या बायका ओसरीवर जमा जाहल्या. कोणी वाती वळीत, कोणी शेंगा सोलीत, कोणी नातू मांडीवर घेऊन. काकासाहेबांनी चष्मा पुसला आणि वाचावयास आरंभ केला, आणि ऐसा वाचू लागले की जणू निविदासूचना जाहीर होते आहे. "शेखरने मालतीचा हात आपल्या हाती घेतला आणि तो कातर स्वरात म्हणाला," येथवर येऊन त्यांची दातखीळ बसली, कारण समोर वडील भावजय बसलेली. हे वाचलेच पाहिजे काय, ऐसी पृच्छा केली. मनकर्णाबाई म्हणाल्या, "पोथीत हाय ते वाचायचं." सारजाबाई म्हणोन एक म्हातारी मागून ओरडली, "कातर आवाज काढा की भाऊजी! तो डाक्टर हाय, तलाठी नाय." मग खाशांनी कातर आवाज काढिला. ज्या कंठातून उभी हयात शेरे आणि ताशेरे निघाले, त्यातून 'प्रिये' हा शब्द निघताना जे हाल जाहले ते वैऱ्याचेही न होवोत. बायकांनी मात्र वाती टाकून टाळ्या वाजविल्या.

ऐसे कित्येक दिवस मुक्काम पडला. मालतीस ताप आला तेव्हा बायकांनी डॉक्टराची अक्कल काढिली, शेखरची आई बोलू लागली तेव्हा सर्वांनी एकमेकींकडे पाहिले, आणि जहागीरदाराचे मुलाने मालतीस फुले पाठविली तेव्हा सारजाबाईंनी त्यास अंगणातूनच शिव्या दिल्या. काकासाहेब मनातल्या मनात पाने उलटीत, दोन पाने एकदम उलटली तर कळेल काय याचा अंदाज घेत, आणि पडेगावहून काही हालचाल आहे काय म्हणोन मोबाईल पाहात. एकदा त्यांणी खरोखरीच दोन पाने एकदम उलटली. बायकांनी कथा सालोसाल ऐकोन तोंडपाठ केलेली, त्यांणी तेथल्या तेथे पकडिले आणि मागे नेले. संग्रह मोठा करणारास गोष्टीचा एक धागाही धरता येऊ नये, आणि शेंगा सोलणारीस एकेक ओळ ठाऊक असावी, याचे आम्हांस नवल वाटले नाही. एकाने पुस्तकाचे तोंड पाहिले होते, दुसरीने पुस्तक ऐकिले होते.

मग फाटकाचा प्रसंग आला. संध्याकाळ व्हावयाची होती, ऊन ओसरीचे खांबापर्यंत आले होते, आणि काकासाहेब दिवस संपवावा म्हणोन घाईने वाचू लागले की, मालती पिशवी घेऊन फाटकाशी उभी राहिली. तोच लक्ष्मीबाई, ज्या इतके दिवस कोपऱ्यात गप्प बसल्या होत्या, बोलल्या, "थांबा. हितनं सावकाश वाचा. हितनं पुढचं मला ठाऊक नाय."

काकासाहेबांनी चष्म्यावरून पाहिले. "तू कधी वाचली ही?"

"लग्नाच्या साली. तुम्ही बंबात घातली तवा ती हितंच उभी व्हती."

ओसरीवर शेंगा सोलण्याचा आवाज बंद जाहला. काकासाहेबांस प्रथम काही उमगले नाही, मग उमगले, आणि त्यांचे कान लाल जाहले. सारजाबाईंनी सर्वांच्या वतीने विचारिले, "आन् त्याच पाण्यानं आंघोळ केली व्हय?" दौलतीचे मोठमोठे सरदार कैफियत मागितली असता खोकतात, तैसे खासे खोकले, आणि खाली मान घालोन सावकाश वाचू लागले.

मालतीने कडीस हात लाविला. आतून शेखरचे आईचा आवाज आला, ती मोलकरणीस बोलत होती आणि नव्या सुनेस काय काय वळण लावावे लागेल हे सांगत होती. शेखर आतच होता आणि हो हो म्हणत होता. मालतीने शेखरने पाठविलेला गजरा पिशवीतून काढिला, तो केसांत माळला नाही, फाटकाचे कडीस अडकविला, आणि पाठ फिरवून एस.टी.चे थांब्याकडे चालू लागली. पुढे गाव, शाळा, पावसाने ओला फळा, आणि पोरे तिची वाट पाहात व्हरांड्यात उभी. एवढ्यावर कादंबरी समाप्त जाहली.

लक्ष्मीबाईंचे डोळ्यांतून पाणी वाहू लागले आणि त्यांणी ते पदराने टिपले नाही. "मला वाटायचं ती आत गेली असंल," त्या म्हणाल्या. "आत जायाचंच असतं, असंच धरून चालले मी. फिरली की ती. फिरता येत व्हतं."

मनकर्णाबाईंनी त्यांचे गुडघ्यावर हात ठेविला. "मी दर साली वाचती लक्ष्मी. दर साली फिरती ती. आन् दर साली मला बरं वाटतं."

कोणी नाक ओढले, कोणी नातवाचे टाळूवर उगाच हात फिरविला. हे लिहिताना आमचेही मन भरोन आले, आणि बखरीत ऐसे लिहू नये हे ठाऊक असोन लिहितो. इतक्यात काकासाहेब बोलिले, "झालं ना? समाप्त झालं. आता खोळ उसवा." ऐशा माणसास काय म्हणावे ते वाचकांनी आपले पसंतीने म्हणावे.

मनकर्णाबाईंनी कात्री आणिली आणि टाके कापले. खण बाजूस पडला. काकासाहेबांनी बन्सीचा हिरवा चंद्र पाहावयास मान पुढे केली, आणि तैसीच ठेविली. मुखपृष्ठावर नायिका नव्हती, नायक नव्हता, समुद्र नव्हता. वरपासून खालपर्यंत हळदकुंकवाचा जाड थर बसला होता, त्यात तांदळाचे दाणे रुतले होते, आणि कोपऱ्यात नायकाचा एक कल्ला तेवढा शिल्लक होता.

मग मनकर्णाबाईंनी हकीकत सांगितली. त्यांची सासू आवडाबाई मोठी कडक, अक्षरशत्रू, घरात पोथीवाचून दुसरे पुस्तक येऊ देत नसे. सबब सुनेने कादंबरी लाल फडक्यात बांधून आणिली आणि देवीची पोथी म्हणोन सांगितले. सासूने फडके सोडून पाहिले, तो वर मोठ्या डोळ्यांची बाई, डोईवर मुगुटाएवढा अंबाडा, मागे तेजाचा गोल. ती म्हणाली, "बाईचं चित्र हाय म्हंजी देवीच." आणि तिणे हयात असेतो दर शुक्रवारी त्या चित्रास हळदकुंकू वाहिले, अक्षता वाहिल्या, आणि वाचन चालले असता हात जोडून बसली. मालती रडली की तीही रडे, आणि देवीवर काय काय परसंग आले म्हणे. ती वारल्यावर तिचे हातचे कुंकू झडू नये म्हणोन सुनेने खणाची खोळ शिवली. काकासाहेब समजत होते की खोळीने चित्र सांभाळिले, आणि खोळ तर कुंकू सांभाळीत होती.

काकासाहेब ओरडले की हे बन्सीचे हाती न लागलेले शेवटचे चित्र होते. ओला कापूस आणावा, आपण हळूहळू पुसून काढू, ऐसे म्हणाले, तो सर्व बायका एकदम उभ्या राहिल्या, आणि ज्या ओसरीवर आतापर्यंत नातवंडे निजली होती तेथे रणभूमीचे स्वरूप आले. "हात तर लावा!" ऐसे सारजाबाई म्हणाल्या. खाशांनी हात मागे घेतला. मग कल्ल्याचा तरी फोटो काढावा म्हणोन मोबाईल काढिला, तोही कोणी बाजूस सारिला. शेवटी म्हणाले, "हे काय कामाचं आता? ठेवा तुमच्याकडंच," आणि चपला शोधू लागले. लक्ष्मीबाईंनी पुस्तक पाटावरून उचलिले, खण पुन्हा भोवती गुंडाळिला, आणि पदराखाली धरिले. मनकर्णाबाई म्हणाल्या, "ने. मला पाठ हाय समदी."

परतीचे वाटेवर फौजेचा सेनापती खिन्न होता आणि हॉर्नदेखील वाजवीत नव्हता. पडेगावी खबर आधीच गेली होती. नानासाहेबांनी मोबाईलवर दुःखाचे चिन्ह पाठविले आणि लागलीच चुकून पाठविल्यासारखे फुलही पाठविले. लक्ष्मीबाई शेजारी बसोन पुस्तक पहिल्या पानापासून वाचीत होत्या, आणि मध्येच एखादी ओळ मोठ्याने वाचून आपणच हसत होत्या. सिडकोत पोचल्यावर त्या स्वयंपाकघरात गेल्या नाहीत. थेट दालनात गेल्या, कपाट उघडिले, समोरची कादंबरी काढिली, आणि प्लास्टिकची पिशवी दातांनी फाडिली.

काकासाहेब दारात उभे राहोन म्हणाले, "अगं, कणा मोडंल!"

लक्ष्मीबाईंनी फर्मान सोडिले, "मोडू द्या. बसा हितं. वाचून दाखवा मला. कातर आवाज तुम्हाला चांगला जमतो."

आणि काकासाहेब बसले. का बसले, याचे कारण आम्हांस ठाऊक नाही आणि त्यांसही नसावे. त्या दिवसापासून रोज दुपारी एक पिशवी फुटते, बाईसाहेब खाटेवर आडव्या होऊन ऐकतात, आणि खासे वाचतात. एखादे दिवशी शेवट जवळ आला असता बाईसाहेबांस डोळा लागतो, तेव्हा खासे वाचणे बंद न करता आवाज तेवढा खाली करितात, ही खबर खात्रीलायक आहे. प्रदर्शन रहित जाहले, फीत कोणी कापली नाही, आणि बन्सीचे सर्व हिरवे चंद्र दुमडोन गेले.

येणेप्रमाणे करमाडची स्वारी समाप्त होऊन, सिडकोतील दालन, मय कपाटे, मय कादंबऱ्या, मय वाचणार, लक्ष्मीबाईसाहेब औताडे यांचे अमलात दाखल जाहले. गनिमाचे बाजूस कणे मोडले ते अगणित, जखमी एक, तो काकासाहेबांचा गुडघा. फत्ते बाईसाहेबांची, ऐसे दफ्तरी रुजू करोन सेवकाने शिक्का केला आणि आपला चहा आपणच साखर घालोन घेतला.